चिमणाबाईंचा साक्षीदार

नाशिकच्या कोर्टात, अपघाताच्या दाव्यांच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. पांढऱ्या टोपीचा एक माणूस त्यांच्याजवळ येऊन टेकला.

“चिमणाबाई ना? वकीलसाहेबांनी धाडलंय. मी तुमचा साक्षीदार.”

“कशाचा?”

“तुमच्या मालकांना ट्रकनं उडवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“चांदवडला तुमास्नी कधी पाह्यलं नाय. दहाव्यालाबी नाय.”

“कांदा घेऊन चाललो होतो. मालक सायकलवर, आपल्या कडेनं. ट्रक उलट्या बाजूनं आला, हॉर्न नाय, काय नाय.”

“सायकल कोणत्या रंगाची?”

“हिरवी.”

“हिरवीच होती. पुढं?”

“ट्रकवाला पळाला. मालक लय वेळ जिवंत होते. पाणी पाणी करत होते.”

“मग दिलं का?”

“काय?”

“पाणी.”

“आता बाई, ते...”

“त्यांचा जीव चालला होता आन् तुमी नुसतं बघत उभं राह्यला?”

“असं बघू नका माझ्याकडं.”

“पाणी का नाय दिलं, सांगा!”

“पोरांची शपथ घेऊन सांगतो, चिमणाबाई, मी तिथं नव्हतोच!”