इस्त्रीखात्यातली ट्यूब

आदरणीय अध्यक्ष, मंचावरच्या डॉक्टरीणबाई, आपल्या धुलाई केंद्राचे व्यवस्थापक, आणि दिवसभर वाफेत उभं राहून पाय सुजवून घेणाऱ्या माझ्या बंधूभगिनींनो,

आज इस्त्रीखात्याच्या प्रमुख, आपल्या सगळ्यांच्या काकू, निवृत्त होत आहेत. कुठे आहेत त्या? शेवटच्या रांगेत, दाराशी, गालापर्यंत ओढणी गुंडाळून. सकाळी मला म्हणाल्या, "गुच्छ घरी पाठवून दे बाबा. हे तोंड घेऊन मी वर येत नाही."

काय झालंय त्या तोंडाला? सांगतो. परवानगी घेतली आहे. "सांग, पण फार रंगवू नकोस," असं बजावूनच त्यांनी ती दिली.

आपल्याकडे नवी मुलगी आली की तिला एप्रन मिळतो आणि एक ट्यूब दाखवली जाते. "कमरेला खाज सुटली की लाव गं, तासाभरात गप्प." लाली गेली, खाज थांबली, म्हणजे रोग गेला? डॉक्टरीणबाईंनी समजावलं, त्या ट्यूबमधलं स्टेरॉइड नुसती आग झाकतं; खाली नायटा मोकाट पसरतो. साऱ्या गावाच्या चादरी आपण उकळून काढतो, आणि आपले ओले एप्रन एकाच खुंटीवर, एकावर एक! पंख्यांसाठी आपण संप केला. या खाजेबद्दल संघटनेच्या एकाही सभेत ब्र काढला नाही. का? जागा अवघड होती म्हणून? लाज वाटते मला.

आपल्या सगळ्यांत ती ट्यूब आधी बंद केली ती काकूंनी. त्याबरोबर कमरेवरून वर पसरत गेलेलं, ट्यूबखाली दबलेलं सगळं मानेवर, गालांवर उसळून आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नायट्याच्या गोळ्या चालू ठेवा, धीर धरा, त्या ट्यूबला हात लावू नका." आणि आपण? जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाकावरून उठून गेलो. "काकू, समारंभापुरती लावा की थोडी, फोटो चांगला येईल," हे कोण म्हणालं? इकडेतिकडे बघू नका. आपणच म्हणालो.

त्यांनी लावली नाही. म्हणून त्या दाराशी बसल्या आहेत, आणि आपण पुढच्या खुर्च्यांवर! अध्यक्ष महोदय, आपली हरकत नसेल तर गुच्छ घेऊन आपणच खाली जाऊ या...

काय म्हणालात, काकू?

"अरे, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना कशाला उतरवतोस? मी येते."

ऐकलंत? अध्यक्षांचे, डॉक्टरीणबाईंचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर पोटात घाला. टाळ्या नंतर वाजवा. आधी पाय आत घ्या, त्यांना वाट द्या.