काळं कापड आणि माझा टॉर्च

मंडळी, नमस्कार. विमलताईंच्या शोकसभेला विभागातले आपण सगळे आलात. माधुरी, तू फोनवर म्हणालीस, "सर, आईबद्दल तुम्ही बोला." मी हो तर म्हणालो. विमलताईंचं कौतुक करण्याचा अधिकार मला नाही. मला एक कबुली द्यायची आहे.

ताई आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होत्या. मी निळ्या फुलांच्या एका वेलीवर काम करत होतो. तिची फुलायची वेळ कोणतं जनुक ठरवतं, ते मला शोधायचं होतं. ही वेल रात्र मोजते. रात्र पुरेशी लांबली की पानात एक निरोप तयार होतो, तो शेंड्याला पोचतो आणि तिथे कळी धरते. म्हणून ताई रोज संध्याकाळी पाचला कुंड्यांवर काळं कापड टाकायच्या, सकाळी आठला काढायच्या. रविवारीसुद्धा, बिबवेवाडीहून दोन बस बदलून.

त्या हंगामात एकही कळी आली नाही.

मी काय केलं? सगळ्या विभागासमोर म्हणालो, "ताई, तुम्ही कापड वेळेवर टाकत नाही." त्या म्हणाल्या, "सर, एक दिवस चुकवला नाही हो." मी म्हणालो, "मग काय, वेली खोटं बोलतात?" काही जण हसले. ताईंना मी काचसामान धुवायला पाठवलं.

पुढच्या हंगामात कापड मीच टाकलं. तरी कळी नाही. मग माझा पाय मुरगळला, तीन आठवडे घरात पडून होतो. कापडाचं काम शिपायानं केलं. आणि वेली कळ्यांनी भरल्या!

मंडळी, मी आवारातच राहायचो. दोन्ही हंगामांत रोज झोपण्याआधी साडेबाराच्या सुमारास जायचो, कापड उचलायचो, टॉर्च मारून कळी शोधायचो. पाच-दहा मिनिटं. रात्रीच्या मध्यावर उजेड पडला की वेलीची मोजणी मोडते, एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात. हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो! प्राध्यापकांच्या टॉर्चला नियम लागू नसावा, अशी माझी समजूत असणार. ताई एकदा म्हणाल्याही होत्या, "सर, बघायचंच तर सकाळी बघा ना." मी म्हणालो, "तुम्ही तुमचं काम करा."

निदान कळल्यावर तरी सांगायचं! नाही सांगितलं. लाज वाटली. आधी म्हटलं, शोधनिबंध छापून येऊ दे. मग म्हटलं, ताई निवृत्त होताना सांगू. त्यांना शाल-नारळ मीच दिला, तेव्हाही गप्प. मागच्या वर्षी बसस्टॉपवर भेटल्या. म्हणाल्या, "सर, वेली फुलतात ना आता?" मी म्हणालो, "फुलतात." त्यांची बस आली, त्या गेल्या.

माधुरी, आई घरी याबद्दल काही बोलल्या का, मला माहीत नाही. पण जे मी विभागासमोर बोललो, ते विभागासमोरच मागे घेतलं पाहिजे. विमलताईंनी एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. चूक माझी होती, आणि ती माझी आहे हे मला इतकी वर्षं माहीत होतं.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. सभा संपल्यावर माझ्याशी कोणी बोललं नाही, तरी चालेल.

ताई, हे तुमच्यासमोर सांगायला हवं होतं.