पाटीला लावलेला हात

माझं नाव यमुना. माहेर आमचं खाडीवर, कासू स्टेशनाला उतरायचं नि बांधाबांधानं चालत राहायचं, पाय दुखायला लागले की समजायचं गाव आलं. बापूस मिठागरावर, आयस मिठागरावर, आजा पण मिठागरावरच, आमच्यात पोरीला कोण विचारत नाय की बाई तू मोठेपणी कोण व्हणार, डोईवर चुंबळ ठेवतात नि पाटी देतात. लोकांना वाटतं मीठ हलकं असतं, कारण जेवणात चिमूटभर टाकायचं. तुम्ही ओल्या मिठाची भरलेली पाटी येकदा डोईवर घ्या, मंग मला सांगा मान खांद्यात जाते का नाय.

आता ह्यातली येक गोष्ट नीट ऐका, पुढचं सगळं तिच्यावर हाय. भरलेली पाटी येकटीनं डोईवर घ्यायची नाय, घेताच येत नाय. दुसरीनं बाजूनं हात लावायचा, दोघींनी मिळून उचलायची, मंग ती हिच्या डोईवर. नि कोणी पाटीशी वाकलेली दिसली की जी जवळ असेल तिनं हातातलं टाकून जायचं, बोलवायला लागत नाय. माझ्या आयशीचं नि भीमी काकीचं येका कोंबडीवरून वाजलं व्हतं, ती कोंबडी कधीच मेली, तरी ह्या दोघी बोलत नव्हत्या, लग्नात येकमेकींकडं पाठ करून बसायच्या. पण मिठागरावर ही वाकली की ती यायची, ती वाकली की ही जायची, तोंडं दोन दिशांना नि हात येकाच पाटीला. आम्ही पोरी हसून हसून मरायचो. नि दुसरं म्हंजे पाटी पडू द्यायची नाय. पाटी पडली म्हंजे मीठ चिखलात, मंग मुकादम काय बोलायचा ते तुम्ही लिहू नका.

पावसात मिठागरं बंद. तवा आम्ही पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला जायचो, शाडू मळायला, गणपती उचलून फळीवर ठेवायला. तिथं येक दिवस दामले सर आले, व्यायामशाळेचा गणपती सांगायला. सर शाळेत पीटी शिकवायचे, अंगानं काडी, डोळ्यावर चष्मा, पण संध्याकाळी पोरांना वजनं उचलायला शिकवायचे. मी त्याच वेळी हातगाडीवरून शाडूचं पोतं काढून आत ठेवलं. सर बोलले, पोरी, हे पुन्हा येकदा उचल बघू. मी बोलली, पुन्हा कशाला सर, आत्ताच तर ठेवलं. सगळा कारखाना हसला. सर नाय हसले. सर थेट आमच्या घरी आले, बापसाला बोलले, हिला वजन उचलायला पाठवा. बापूस बोलला, उचलून न्यायचं कुठं? सर बोलले, कुठं नाय, उचलायचं नि तिथंच खाली ठेवायचं. बापूस बोलला, येवढं सोपं काम असेल तर जाऊ दे.

सोपं कसलं! काय सांगू तुम्हाला, लोखंडी दांडा, दोन बाजूंना चकत्या, नि उचलायचे प्रकार दोन. येकात जमिनीपासून येका झटक्यात डोक्यावर. दुसऱ्यात आधी छातीवर घ्यायचा, उभं राहायचं, नि मंग वर. पहिला मला पटकन आला. दुसऱ्यात मी छातीवर घ्यायची अगदी फुलासारखा, उभी राहायची, नि मंग थांबायची. बाजूला बघायची. सर विचारायचे, यमुने, कुणाची वाट बघतेस? मी बोलली, सर, हात कोण लावणार? पोरं पोट धरून खाली बसली. सरांनी कपाळाला हात लावला, बोलले, अगं इथं दुसऱ्यानं हात लावला की उचलणं बाद. मला ते लय दिवस पटलंच नाय. येवढा माणसांचा घोळका उभा नि कोणी हात लावायचा नाय, ही कसली रीत? रोज छातीपर्यंत यायचं नि थांबायचं, रोज सर ओरडायचे, हत्ती गेला नि शेपूट राहिलं. हळूहळू सुटली ती सवय. म्हंजे मला वाटलं सुटली.

माझं बघून अजून पोरी आल्या, येक कोळणीची, येक कारखान्यातली, दोन शाळेतल्या. सरांनी संध्याकाळचा येक तास पोरींचा केला. तिथं अण्णा आडवे आले. अण्णा म्हंजे व्यायामशाळेचे अध्यक्ष, लाकडाच्या वखारीचे मालक, मिशी अशी की दोन्ही बाजूंना लिंबू ठेवावं. ते बोलले, दामले, पोरांना जागा पुरत नाय नि तुम्ही पोरी कुठं घुसवता, बंद करा हा तास. हे भांडण चालूच व्हतं नि तेवढ्यात मी राज्यात पयली आली, मंग देशात नंबरात आली, नि मंग एशियाडच्या संघात माझं नाव लागलं, सगळ्यात शेवटचं, पण लागलं. तिकडं निवडणाऱ्यांतला येक साहेब बोलला म्हणे, ही काय करणार, भोपळा घेऊन येईल. ते अण्णांच्या कानावर गेलं. अण्णा भर बैठकीत बोलले, ठीक हाय, पोरगी तिथं दोन्ही प्रकारांत वजन वर धरून आली तर पोरींचा तास कायमचा. भोपळा आणला तर दुसऱ्या दिवसापासून बंद. सर बोलले, मान्य. मला कोणी विचारलं पण नाय! त्या चार पोरी कासूला मला सोडायला आल्या, ती कोळणीची माझा हात सोडेना, बोलली, गो यमुने, पदक नको आणू, तास आण.

बँकॉकला मोठं गावच वसवलेलं, सगळ्या देशांची माणसं, नि जेवायला असं की कशाला हात लावावा तेच कळेना. आमच्या टेबलावर कोल्हापूरकडचा येक पैलवान बसायचा, दादा बोलायची मी त्याला, दारातून आत येताना आडवा व्हायचा येवढा रुंद. आयशीनं मला सुकटीची चटणी बांधून दिलेली. दादा बोलला, शी, कसला वास मारतोय हा, आमच्याकडं असलं खात न्हाईत. मंग येक बोट लावलं. मंग दोन. तिसऱ्या दिवशी मी बरणी उघडली तर बरणी धुतल्यासारखी. दादा बोलला, तू वजन मारायला आलीस, तिखट खायला न्हाई. माझ्या स्पर्धेच्या सकाळी त्याची कुस्ती व्हती, हरला बिचारा, कान सुजून भजं झालेलं, तरी तसाच माझ्यासाठी येऊन बसला.

आता काय झालं ते ऐका. स्पर्धेच्या आधी मागच्या हॉलमध्ये सगळ्या पोरी अंग गरम करतात. माझ्या शेजारी दुसऱ्या देशाची येक व्हती, देशाचं नाव सांगत नाय, उगीच चुकायला नको, मी मनातल्या मनात तिला ताई म्हणायची. तिनं वजन छातीवर घेतलं, खाली बसली, नि तिला उठता येईना. तोंड लाल, पाय थरथरतात. नि सगळे बघत उभे! काय सांगू तुम्हाला, माझं डोकं चाललंच नाय, हातातलं टाकलं नि धावली, दांड्याला येका बाजूनं हात लावला, बोलली, उठ गो ताय. ती ते सोडून द्यायला निघालेली नि मी येक बाजू धरून ठेवलेली, दांडा झाला तिरका, ती पडली उताणी, मी पडली तिच्या बाजूला, चकत्या घरंगळत थेट कोणाच्या तरी पाण्याच्या बाटल्यांत. तिचा कोच तिच्या भाषेत ओरडतोय, आमचे कोच हरयाणाचे, ते हिंदीत, अरे पगली, वो छोड देती ना, यहाँ बोझ गिराने के लिए ही होता है! मी बोलली, सर, हमारे में गिराते नहीं. ती ताई आधी माझ्याकडं बघतच राहिली, नि मंग अशी हसायला लागली की थांबेना. मी पण हसली. हसता हसता कळलं की माझं उजवं मनगट मुरगळलंय.

पयला प्रकार कसाबसा निभावला, दोनदा गेला नि शेवटी येकदा धरला. राहिला दुसरा. तीन संधी असतात. तिन्ही गेल्या की भोपळा, नि भोपळा म्हंजे पेणच्या पोरींचा तास गेला. पयल्या वेळी वजन छातीवर घेतलं, उभी राहिली, मनगटातून कळ आली, नि मी थांबली. खरं सांगते, बाजूला बघितलं. तीच सवय, इतक्या वर्षांनी, येवढ्या लोकांसमोर! वजन खाली. तीन लाल बत्त्या. दुसऱ्या वेळी मनाशी घोकत गेली की बघायचं नाय, बघायचं नाय, नि छातीवर आल्यावर मान आपोआप वळली. पुन्हा लाल. वर बसलेला दादा ओरडला, यमे, तिकडं कोण न्हाई, वर बघ! सगळा हॉल हसला, त्यांना काय कळलं देव जाणे.

मी मागं येऊन बाकड्यावर बसली. कोच बोलत व्हते, मला कानात काय जाईना, डोळ्यांपुढं त्या चार पोरी. तेवढ्यात माझ्यासमोर कोणीतरी वाकलं. ती ताई. तिचं उचलून झालेलं. तिनं आपल्या मनगटाची पट्टी सोडली, घामानं ओली व्हती, नि माझा उजवा हात मांडीवर घेऊन ती पट्टी बांधायला लागली. आयस पोरीच्या वेणीची रिबीन बांधते ना, तशी घट्ट, दातात धरून. मंग दोन्ही हातांनी माझा पंजा दाबला नि मला उठवलं. तिच्या कोचनं तिला हाक मारली, तिनं ढुंकून बघितलं नाय.

मी चालत गेली नि मला येकदम हसू आलं. म्हटलं, यमुने, हात तर लागला. आता कोणाची वाट बघायची?

छातीवर घेतलं, उभी राहिली, नि कुठं नाय बघितलं. सरळ वर. मनगट बोंबलत व्हतं, बोंबलू दे. वजन डोक्यावर, पाय जागेवर, समोर पंच, नि मी येवढी खूश की त्यांनी खाली ठेव सांगितलं ते मला दिसलंच नाय, मी आपली धरून उभीच. कोच ओरडले, छोड दे अब, छोड दे! तीन पांढऱ्या बत्त्या. दादा वरून असा नाचला की पुढच्या रांगेतली माणसं उठून गेली. नंबर म्हणाल तर शेवटून तिसरा. ताईचं पदक थोडक्यात हुकलं, ती माझ्या गळ्यात पडून रडली, मी हसत हसत रडली, आम्हाला येकमेकींचं नाव पण धड बोलता येत नव्हतं.

घरी आली तर आयशीनं विचारलं, पाटी पडली तर नाय ना गो? मी बोलली, दोनदा पडली आये, तिसऱ्यांदा नाय. तिनं विचार केला नि बोलली, तिसऱ्याला कोणी हात लावला? मी ताईची सगळी गोष्ट सांगितली. आयस बोलली, असेल, त्यांच्याकडं पण मिठागर असेल.

पेणला बैठक भरली. अण्णा मिशीवरून हात फिरवत बोलले, शेवटून तिसरी? पदक कुठं हाय? सर चष्मा पुसत बोलले, अण्णा, पदकाची बोली नव्हती, भोपळ्याची व्हती. अण्णा तोंडाचे फटकळ, पण शब्दाचे पक्के. उठले, कमरेची व्यायामशाळेची किल्ली काढली, माझ्या पुढ्यात ठेवली नि बोलले, येक तास म्हंजे येकच तास, येक मिनिट वर नाय. मागं दाराशी त्या चार पोरी उभ्या, त्यांनी जी काय बोंब ठोकली, रस्त्यावरची म्हैस उधळली.

पुढं मला रोह्याला दिली. नवरा कंपनीत शिफ्ट करतो, लोकांना सांगतो, हिच्याशी भांडायचं तर आधी दांडा लपवायला लागतो. पण माणूस सोन्यासारखा, दुपारच्या गाडीनं मी पेणला जायची तर माझा डबा त्यानंच भरलाय, पोरं झाली तरी माझं जाणं कधी चुकवलं नाय. सर आता पुण्याला लेकीकडं असतात, रविवारी फोन येतो, पहिला प्रश्न, कोण नवीन आली? गुडघे माझे आता कुरकुरतात, उचलायचं सोडलं, ओरडायचं तेवढं ठेवलंय. पोरी येतात पेणच्या, रोह्याच्या, नागोठण्याच्या, येवढ्या येतात की संध्याकाळ सगळी त्यांचीच झाली, पोरगे बाहेर कट्ट्यावर बसून विचारतात, मावशी, आमचा नंबर कधी?

नि अण्णा हायत अजून, देवाच्या दयेनं, काठी टेकत येतात, दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांची नात माझ्याकडं शिकते, हाताची ताकद अशी की अण्णांच्या मिशीला शोभावी. परवा शेवटचा तास संपला तशी मी टाळी वाजवली, तर अण्णा खुर्चीतून बोलले, यमुने, पोरीचं येक राहिलंय, पाच मिनिटं वाढव की. मी बोलली, अण्णा, पोरांना जागा पुरत नाय. म्हातारा असा हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, नि मंग हात जोडले. मी त्यांचे हात खाली केले, पोरीला बोलली, घे गो बाय, सावकाश घे, आपल्याला कुठं घाई हाय.