केरू

१९७१ साली, लंडनजवळच्या क्रॉयडनच्या प्रसूती क्लिनिकात, माझ्या मागच्या बाकावर दोघी जावा मराठीत बोलत होत्या. धाकटीला सातवा महिना होता.

"उल्का, लायब्ररीतून हे काय आणलंस?"

"कादंबरी आहे, जाऊबाई. नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या भुताखेतांच्या गोष्टींवरची. त्यात एक मूल सारखं मरतं आणि पुन्हा त्याच आईच्या पोटी येतं."

"या दिवसांत असलं वाचतात का गं?"

"शेवटी ती आई त्याचं नाव उकिरडा ठेवते. कुणाला न्यावंसं वाटू नये म्हणून."

"आपल्याकडे नाही का केरबा, धोंडू ठेवत?"

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? मी बारशाला हौसेनं राजश्री ठेवलं, दुसरीचं वैभवी. दोघींनी महिनासुद्धा पुरा केला नाही."

"उगी, रडू नकोस. या वेळी केरू ठेवू."

"चालेल का हो?"

"न चालायला काय झालं? इथल्या नर्सना अर्थ थोडाच कळणार आहे? कॅरोलसारखं गोडच वाटेल त्यांना."

"मग इथे जो न्यायला येतो, त्यालाही गोडच वाटेल ना, जाऊबाई?"