गरिबीत आम्ही हार जाणारे नाही!

...आणि वर म्हणतात, तुमच्या गावात काही कमीच नाही! कमी नाही? अहो, तुम्हाला सांगतो, गरिबीत आम्ही कुणाला हार जाणारे नाही!

झालं काय, घरात चूल कशावर पेटते, गावातून शहरात माणूस जातो कसा, हे नोंदवायला सरकारकडून एक बाई येणार होत्या. ज्या गावाचे हाल जास्त, त्या गावाला बस! आणि बस आली तरच माझ्या धाकट्या बहिणीचं कॉलेज. माझी शाळा पायपिटीनंच सुटली, तिचं तसं व्हायला नको, म्हणून आईला बजावलं, 'आहे तसं दाखव हं!' 'दाखवते की!' म्हणाली. आणि बाई दारात दिसल्या मात्र... लाकडं पलंगाखाली! वर मलाच, 'शिलाईवाल्या काकूंची गॅसची टाकी आण पळत! परक्या बाईला धुराची चूल दाखवू? लाज आहे का काही?'

आता ती टाकी अख्ख्या गावात एकच! बाई आमच्याकडून उठतात न उठतात तोच शेजारच्या वहिनी परसातून, 'भाऊजी, टाकी!' मग काय, बाई पुढच्या दारानं, मी मागच्या दारानं, खांद्यावर टाकी! शेवटी एका वळणावर समोरासमोरच आलो. बाई म्हणतात, 'गॅस तुम्हीच पोहोचवता का? फार तत्पर हो तुम्ही!' मी खरं सांगणारच होतो... पण परक्या बाईसमोर माझी जीभ उचलते कुठं? हसलो नुसता. अहो, गरिबीत आम्ही हार जाणारे नाही, पण ते बोलायला तोंड नको?

मग बाईंनी दुकानदाराला विचारलं, 'शहरात जायचं कसं?' हा छाती काढून, 'चला, आत्ता सोडतो!' एरवी त्या मोटारसायकलवर बायकोला बसवत नाही हो, टायर झिजतो म्हणतो! तेवढ्यात गिरणीवाला धावला, 'छे! धक्के बसतील बाईंना, माझ्या ट्रॅक्टरमधून चला!' जुंपली दोघांची! बाईंचे डोळे भरून आले, 'किती सोय आहे इथं!'

झालं! बस गेली पलीकडच्या गावाला. तिथं बाईंना कुणी साधं 'बसा' म्हटलं नव्हतं... आल्या तशा चालत परत गेल्या! आणि आम्ही? गरिबीत हार जाणारे नाही म्हणता म्हणता सपशेल हरलो!

काल धाकटी विचारते, 'दादा, माझ्या कॉलेजचं काय?' काय सांगू तिला? सोडायला सगळं गाव तयार आहे गं... फक्त जाणारं माणूस परकं पाहिजे!