एक गेला, उत्तर कुठाय?

एक शब्द तरी खरा मानून दाखवा बघू! नाहीच मानणार. माझी सूनच मानत नाही, म्हणते, सासूबाई, थापा मारता. अहो, पण तो 'एक' माझ्या या डोळ्यांसमोर गेला, त्याला मी काय करू?

कुठला एक म्हणजे? आमच्याकडे मेसेज धाडला की त्याच्या बाजूला बारीकसा १ दिसतो, समोरच्यानं वाचला की १ गायब. बास, एवढंच! पण सांगते तुम्हाला, माझ्या नातीचा, बोरामचा, सगळा जीव त्या १ला टांगलेला. कारण तिचा तो सोकजे. शाळेतलाच. झुलपं कपाळावर, आणि मला वाकून नमस्कार असा घालतो, वाटतं मेल्याची कंबर मोडेल. दोघांनी सारखे स्वेटर घेतले, सारख्या अंगठ्या घेतल्या... घेऊ देत की, वयच आहे! पण हा दिवसभर काय? 'कुठंयस? कोणाबरोबर? फोटो पाठव.' ही लायब्ररीत, फोटो. बसमध्ये, फोटो. संडासाला गेली तर बंद दाराचा फोटो! वर मलाच सांगते, "आजी, त्याला काळजी वाटते गं." काळजी? आमच्या कुत्र्याची मी एवढी काळजी करत नाही, आणि तो तर रोज पळून जातो!

एक गेला, उत्तर कुठाय? एक गेला, उत्तर कुठाय? दिवसभर त्याचं हेच, घरात दुसरं काही नाहीच.

बरं, शाळेत यावर भाषणसुद्धा झालं. बाई आल्या, गोड आवाजात, "मुलांनो, प्रेमात न घाबरता 'नको' म्हणता आलं पाहिजे हं." मग प्रश्न विचारले. आमच्या बोरामची सगळी उत्तरं बरोबर! बक्षीस मिळालं, छत्री! आणि छत्री घेऊन घरी आली ती काय म्हणाली? ढोलपथक सोडते. का? तर पथकात मुलगे आहेत, सोकजेला आवडत नाही. अहो, चालायला लागली तेव्हापासून ढोल बडवतेय पोरगी, शनिवारी कार्यक्रम, आणि ही सोडते! काय करायचीय ती छत्री?

तेवढ्यात आला किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस. अंगणात बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका, कोबीचा डोंगर, बोरामचे हातमोज्यांतले हात कोपरापर्यंत तिखटात. फोन माझ्याशेजारी, थरथरतोय आपला थरथरतोय... मी नुसतं बोट लावलं हो!

"आजी! एक गेला!" अशी किंचाळली, की शेजारची, हादोंग गावची म्हणून हादोंगवाली, सुरी टाकून उठली, "अगं बाई, कोण गेला?"

तोवर त्याचं सुरू. 'वाचलंस. गप्प का? कोण आहे तिथं?'

म्हटलं, विचारतोय बिचारा, सांगावं. सगळ्या म्हाताऱ्यांना उभं केलं, लाल हात वर, धाडला फोटो. खाली लिहिलं, शुद्धलेखनाचं सोडा, 'आम्ही इथं. तू कुठं? कोणाबरोबर? फोटो पाठव.' हादोंगवाली म्हणते, "दोन्ही हात दिसू देत म्हणावं!" तेही घातलं.

१ गेला. उत्तर नाही! आता आम्हीच फोनभोवती, एक गेला, उत्तर कुठाय? शेवटी आलं. 'मी का पाठवू फोटो? माझ्यावर विश्वास नाही?'

आम्ही खिदळलो. बोराम नाही हसली. वाचलं तिनं, परत वाचलं. हातमोजे काढले. मग तिनं लिहिलं, 'मग मीही नाही पाठवणार. शनिवारी मी ढोल वाजवणार आहे.'

एक गेला. आणि फोन जो वाजायला लागला! वाजतोय, वाजतोय... तिनं पालथा टाकला आणि कोबीच्या पानांत असा मसाला कोंबला, असा कोंबला, की मला कोबीची दया आली.

शनिवारी वाजवला ढोल! मी ऐटीत पुढच्या रांगेत. म्हटलं, आता येईल, गळ्यात पडेल. आली. म्हणते, "आजी, यापुढे माझा फोन न विचारता उघडायचा नाही."

"अगं, मी काळजीपोटी..."

"तोही हेच म्हणायचा."

घ्या! शिकली हो, चांगली शिकली 'नको' म्हणायला, आणि आता रोज मलाच म्हणते! तो बघा फोन, समोर थरथरतोय, मी हात मांडीखाली दाबून बसलेय, जीव चाललाय माझा. काय? सोकजेनं पुढं काय लिहिलं? मला विचारता? मला बघू देतात का इथं? जा, निघा आता!