उणे पन्नासची खोली आणि ते चार दिवस

‘त्या चार दिवसांत मशीनच्या खोलीत जायचं नाही, आणि काहून म्हणून विचारायचं नाही’ — बराबर न, सटवाजीकाका? गावच्या या सीताफळ-गराच्या कारखान्यात मला मशीनवर घेतलं तेव्हाचे तुमचेच शब्द. अध्यक्ष तुम्ही, नियम तुमचा, रुख्मिणीकाकूंनी नुसती मान डोलावली — थांबा काकू, ‘निलम, मोठ्यांशी असं बोलून राहिली का’ नंतर म्हणा. तर आज माझ्या पाळीचा दुसरा दिवस, मी बाहेर लिंबाखाली बसून होते, तरी माझ्या सावलीनं मशीन कोपली, शिट्टी मारून पांढरा धूर सोडला — असंच न? धूर न्हाई हो तो. कार्बन डायऑक्साइड. तुम्ही सोडा पिता न, त्यातलाच गॅस. त्याच्यावरच गराची आतली खोली उणे पन्नास अंशावर ठेवतो आपण. लाईट गेली, मशीन थांबली, गॅस तापला, दाब वाढला — मग झडप उघडून जास्तीचा बाहेर जातो. तिला बनवलंच तसं. तुम्ही मात्र चप्पल सोडून थेट जीपच्या स्टँडपर्यंत — न्हाई, हसत न्हाई मी.

जनरेटर कोणाला येतं सुरू करता? मला. आणि लाईट गेल्यापासून तुम्ही मला अडवायला दारातच खुर्ची टाकून बसलेले. दीड तास. आत साठ बायांनी दिवसभर बसून काढलेला गर — जरा ऊब लागली की काळा पडतो, मग उकिरडा. तुम्ही पळालात म्हणून मला आत जाता आलं. मशीनच्या खोलीची दारं उघडली, गॅस जाऊ दिला, जनरेटरवर मशीन लावली. वाचला माल.

लोणचं नासतं? लोणच्याचं मला सांगू नका काकू. माझ्यानं गर नासायचाच असता तर मागच्या महिन्यातच नासला असता, तेव्हाही मी चारही दिवस आत —

हं. निघालं तोंडातून. व्हय, दर महिन्याला. तुम्ही शेतावर असता, बघतं कोण? तुमच्या पोथीच्या समाप्तीची सीताफळ बासुंदी, काकू — नैवेद्य दाखवला, दोन वाट्या खाल्ल्यात, ‘असा गर कधी पाहिला न्हाई’ म्हणालात — तो माझ्या तिसऱ्या दिवसाचा होता. देवाची काही तक्रार आली?

काय? शुक्रवारपर्यंत चावी तुमच्याकडं द्यायची? न्हाई देत, काका. उद्या सकाळी सहाला मी आत असणार, आणि पुढच्या महिन्यातही. पटत नसेल तर चावी घ्या, पण मग लाईट गेल्यावर झडपेसमोर तुम्ही उभं राहायचं. राहता?

हात काहून मागं घेतला, काका? घ्या न चावी.

काकू, तुम्ही?

मग सरका दारातून. मला तापमान बघायचंय.